मास्तर, हे फोटो कशाला काढता?

हा प्रश्न मला कोळणींनी विचारला आहे, एस.टी.च्या कंडक्टरने विचारला आहे, आमच्या जमातीतल्या बुजुर्गांनी विचारला आहे आणि एकदा पोलिसांनीही विचारला आहे. लग्नात फोटो काढणाऱ्याला असं कुणी विचारत नाही. पण सुट्टीच्या दिवशी एकटाच माणूस गळ्यात कॅमेरा अडकवून खडपात उभा राहतो, समोर ना नवरा-नवरी, ना पुढारी, नुसतं पाणी आणि दगड, तेव्हा लोकांना प्रश्न पडणारच. प्रत्येकाला मी वेगळं उत्तर दिलं. त्यातली बरीचशी उत्तरं खरी होती.

माझं गाव मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीकाठी. बी.एड. झाल्यावर उर्दू हायस्कूलात लागलो, भूगोल आणि इतिहास शिकवतो. घरात आम्ही बोलतो ती आमची कोकणी, तिला लोक बाणकोटी म्हणतात. वर्गात उर्दू. आणि लिहायला बसलो की मराठी. तीन भाषांच्या या खाडीत माझं होडकं कधी इकडे लागतं, कधी तिकडे. असो.

कॅमेरा आणला मामूंनी, 2012 साली, कुवेतहून. आमच्याकडे आखातातून परतणारा माणूस काय आणतो हे वाचकांना सांगायला नको. पूर्वी टेपरेकॉर्डर, ब्लँकेट, टँगचा डबा, मग मोबाईल. मामूंनी निकॉनचा कॅमेरा आणला, तोही कुणीतरी वापरून विकलेला. अम्मी म्हणाली, “याच्यापेक्षा मिक्सर आणला असतास तर बरं झालं असतं.” तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

पहिली अडचण दादीची. तिने जन्मात स्वतःची तसवीर काढू दिली नाही. “मना नको रे काढू त्यात,” म्हणायची आणि ओढणी पुढे घ्यायची. जानदारांची तसवीर काढावी की नाही, कॅमेऱ्याच्या फोटोला तोच हुकूम लागू होतो की नाही, यावर उलमांची मतं वेगवेगळी आहेत आणि त्या वादात पडण्याइतका माझा अभ्यास नाही. हजच्या पासपोर्टला फोटो लागतोच, तो दादीनेही काढला. तालुक्याच्या स्टुडिओत खुर्चीवर ताठ बसून, फोटोवाल्याकडे रागाने बघत. तिचा तेवढा एकच फोटो आमच्या घरात आहे. तिचा मान राखायचा म्हणून मी बेजान वस्तूंकडे वळलो. तिचं पानदान काढलं. वझूच्या दगडाशेजारी ठेवलेल्या तिच्या चपला काढल्या. ते तिला चालायचं. “चपलेचा फोटो काढतो, येडा!” म्हणून शेजारणींना सांगायची. आणि तिथूनच मी दारं, कड्या, विहिरी, खडक, बुरूज आणि समुद्र यांच्यापर्यंत पोचलो.

समुद्राचा फोटो काढणं सोपं वाटतं. समुद्र कुठे पळून जाणार आहे? पण पळतो! दिवसातून दोनदा येतो, दोनदा जातो, आणि दर दिवशी सुमारे पन्नास मिनिटं उशिरा. भूगोलाच्या पुस्तकात हे एका आकृतीत उरकलेलं असतं. आमच्या आजोबांना आकृती ठाऊक नव्हती, पण चांदाची तारीख सांगितली की पाणी कुठवर असेल ते सांगायचे. चौदावी-पंधरावीला आणि नव्या चांदाला उधाण, सातवी-आठवीला भांग. आमच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती दुपारी बाराच्या आगेमागे भरते, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सहाच्या सुमारास पडते. याचा फोटोवाल्याला अर्थ असा, की सूर्य कलतो नेमका त्याच वेळी सगळे खडक उघडे पडतात, त्यांच्या खळग्यांतून पाणी चमकतं. किनारा पश्चिमेला तोंड करून, त्यामुळे सकाळी फारसं काही हाती लागत नाही; सूर्य डोंगरामागे असतो. म्हणून मी फोटोला जायचा दिवस चांदाच्या तारखेवरून ठरवतो. माझ्या खोलीत हिजरी तारखांचं कॅलेंडर का लावलंय असं एका सहकाऱ्याने कौतुकाने विचारलं होतं. त्याला वाटलं, मास्तर फार दीनदार आहेत.

दीनदारीची परीक्षा वेगळीच होते. सूर्य बुडाला की मगरिब. आणि फोटोवाल्यांच्या हिशेबात खरा उजेड सूर्य बुडाल्यानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत येतो. आकाश जांभळं होतं, पाणी शिशासारखं दिसतं आणि नेमकी तेव्हाच गावातून अजान ऐकू येते. मगरिबला वेळही थोडा. मी खडपातच एखादा सपाट कोरडा दगड बघून नमाज पढतो, तिवई तशीच उभी ठेवून. सलाम फेरल्यावर आकाशात जे काही उरलं असेल ते माझ्या नशिबाचं. बऱ्याचदा तेच चांगलं निघालं आहे.

बाकी त्रास म्हणजे खार. समुद्रावरचा वारा काचेवर मिठाचा पातळ थर चढवतो. शर्टाच्या टोकाने पुसलं की काचेला ओरखडे. पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशी धरते. मी कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवून पाहिला, पण तांदळाची पूड भलतीकडे शिरते. आता एका जुन्या कपाटात छोटा बल्ब लावून ठेवला आहे. कोकणात कॅमेरा पाळायचा म्हणजे आजारी बकरी पाळण्यासारखं आहे.

आमच्या परिसरात पाहायला काय आहे म्हणाल, तर पुस्तकात असलेलं बरंच आणि पुस्तकात नसलेलं त्याहून जास्त. जंजिरा सगळ्यांना माहीत. राजपुरीहून शिडाची होडी निघते, समोर नुसती तटबंदी, दार कुठेच नाही. होडी अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या आडून दरवाजा एकदम समोर येतो. तिथे पंजांत हत्ती पकडलेल्या वाघाचं शिल्प आहे. ते संध्याकाळच्या तिरप्या उन्हात काढावं म्हटलं तर तेव्हा होडीवाल्यांना परतायची घाई. मला मात्र जंजिऱ्यात सर्वात जास्त आवडतो तो त्याचा शब्द. माझी मुलं उर्दूच्या भूगोलात ‘जज़ीरा’ शिकतात, म्हणजे बेट. त्याचाच जंजिरा झाला. असे शब्द मोजायला लागलं की किनारा वेगळाच दिसतो. बंदर फारसीतून आलं, दर्या फारसीतून. खलाशी अरबीतून. आमचा कोळी बांधव ज्याला नाखवा म्हणतो तो फारसीतला ‘नाखुदा’, नावेचा मालक. हर्णैच्या बंदरात संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो, होड्यांतून किनाऱ्यापर्यंत मासळी आणायला बैलगाड्या पाण्यात उतरतात, तिथे चाकाएवढ्या पाण्यात उभा राहून मी फोटो काढत होतो आणि एक म्हातारा नाखवा ओरडला, “ओ, बाजूला व्हा!” त्याला काय ठाऊक, की त्याच्या धंद्याचं नाव मी वर्गात फळ्यावर लिहितो.

दाभोळच्या मशिदीबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. दाभोळ हे बहामनी काळातलं मोठं बंदर. पंधराव्या शतकात अफानासी निकितीन हा रशियन प्रवासी इथूनच जहाजात बसला, आणि 1508 च्या अखेरीस पोर्तुगीजांनी हे शहर जाळलं. आज धक्क्यावर उतरलं की धोपाव्याला जाणारी फेरीबोट, टपऱ्या, सुकी मासळी आणि नारळांच्या गर्दीत एकदम ती विजापुरी धाटणीची मशीद. उंच जोतं, कमानी, मिनार, वर घुमट. आदिलशाही घराण्यातली एक शहजादी हजला निघाली होती, समुद्रात चाच्यांचं भय म्हणून इथेच थांबली आणि प्रवासाचा पैसा मशिदीला लावला अशी कथा आहे. नाव आयेशाबीबी सांगतात, म्हणून मांसाहेबांची मशीद. पण गावात तिचं दुसरं नाव आहे – अंडा मशीद! का, म्हणून मी तिथे तिघांना विचारलं. एकजण म्हणाला, कुणा गरिबाने एका अंड्यापासून कोंबड्या वाढवल्या आणि त्या कमाईतून बांधली. दुसरा म्हणाला, घुमट बघा ना, अंड्यासारखाच आहे. तिसरा फेरीच्या रांगेत होता, त्याला वेळ नव्हता. मला पहिली कथा खरी नसली तरी आवडली. शहजादीचा पैसा आणि गरिबाचं अंडं, दोघांनाही एकाच इमारतीत जागा मिळाली आहे.

या मशिदीचा पूर्ण फोटो मला अजून जमलेला नाही. समोरून काढावा तर मागे सरकायला जागा नाही. लांबून काढावा तर माडांमुळे घुमटच तेवढा दिसतो. शेवटी मी तुकडे काढले. कमानीचा कोपरा, पायऱ्यांवर वाळत घातलेलं जाळं, दगडावर खारट वाऱ्याने पाडलेली भोकं. दाभोळमध्येच चंडिकादेवीचं मंदिर आहे, कातळात कोरलेल्या भुयारात. आत विजेचा दिवा नाही, तेलाच्या समयांचाच उजेड, आणि फोटोला मनाई. मराठी शाळेतले एक गुरुजी माझे मित्र आहेत, ते मला घेऊन गेले होते. कॅमेरा पिशवीत घालून, डोकं वाकवून आत गेलो. त्या उजेडासारखा उजेड मी दुसरीकडे पाहिला नाही. बाहेर आल्यावर गुरुजी हळहळले, “फोटो काढायला मिळाला असता तर!” मला दादीची आठवण झाली. ज्यांना फोटोत यायचं नाही त्यांना तसंच राहू द्यावं, असं मला वाटतं.

रत्नागिरीचा थिबा राजवाडा मी मुलांच्या सहलीत काढला. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी 1886 मध्ये इथे आणून ठेवलं, 1910 मध्ये हा वाडा बांधून दिला, 1916 मध्ये तो इथेच वारला. आणि आमच्या बहादूरशाह जफरला पाठवलं रंगूनला. इतिहासाच्या तासाला ही अदलाबदल सांगितली की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा ऐकतात. वाड्याच्या उंचावरून खाडी आणि समुद्र दिसतो. राजाला रोज समुद्र दिसावा आणि पलीकडे जाता येऊ नये, यात इंग्रजांचा काय विचार होता कोण जाणे.

आता गावाकडच्या गोष्टी. आमच्या खडपात प्रत्येक मोठ्या दगडाला नाव आहे. घोडा, नवाबाचं जातं, बुढ्ढी. मासेमारीला जाणारे हे दगड आणि गावातलं एखादं झाड किंवा मशिदीचा पांढरा मिनार एका रेषेत धरून पाण्याखालची वाट ओळखत. आता जी.पी.एस. आलं आहे. नावं सांगणारे दोन-तीनच म्हातारे उरले. मी एकेका दगडाचा ओहोटीत फोटो काढला आणि त्यांना दाखवून मागे नाव लिहून घेतलं. दोघांत एका दगडावरून भांडण झालं. एकाच्या मते ती बुढ्ढी, दुसऱ्याच्या मते बुढ्ढी तिकडची. मी दोन्ही लिहिलं.

मग 3 जून 2020 आला. निसर्ग चक्रीवादळ. त्या दुपारी आमच्या घराचे पत्रे कसे उडाले, माड कसे मोडले, ते कोकणातल्या वाचकांना ठाऊक आहे आणि बाकीच्यांनी टीव्हीवर पाहिलं असेल. आमच्या भागात कित्येक आठवडे वीज नव्हती, मोबाईल मुका. वर लॉकडाऊन. दुसऱ्या दिवशी घराबाहेर पडलो तर गाव ओळखू येईना, कारण गाव दिसायला लागलं होतं! एरवी माडा-पोफळींच्या आड असलेली घरं समुद्रावरून थेट उघडी दिसत होती. पंचनाम्यासाठी नुकसानीचे फोटो हवे होते आणि गावात चार्ज असलेली बॅटरी माझ्याकडे होती, दीड. म्हणून मी घरोघर फिरलो. एका घराला दोन फोटो, जास्त नाही. एकाने छपराबरोबर तुटलेला पंखा दाखवला, एका बाईने भिजलेलं कुराणशरीफ छातीशी धरलं होतं आणि ते दाखवायला ती तयार नव्हती. मी आग्रह केला नाही.

आमच्या चाचीची वाडी पूर्ण झोपली. तलाठी आले तोवर अर्धी झाडं तोडून वाटेतून हटवली होती. किती माड होते, किती पोफळी, यावर घोळ. चाचीला आकडा पक्का माहीत होता, पण तिचं ऐकणार कोण? तेव्हा मला आठवलं, 2018 च्या हिवाळ्यात मी खाडीतून, ओहोटीला, वाडीचा एक फोटो काढला होता. वीज आल्यावर तो तालुक्याला जाऊन मोठा छापून आणला. चाचीने चष्मा लावून, काडीने एकेक शेंडा मोजला. एकेचाळीस. तिच्या आकड्यापेक्षा दोनने कमी. ते दोन घरामागे होते. तलाठ्यांनी फोटो पाहिला, छान आहे म्हणाले, पण जुना फोटो पंचनाम्यात चालत नाही, बुंधे मोजतो असंही म्हणाले. बुंधे मोजले. पैसे किती मिळाले ते जाऊ द्या. माड लावला तर फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, आणि चाची सत्तरीत आहे. तिने नवी रोपं लावली आहेत. तो फोटो तिने कपाटात जमिनीच्या कागदांबरोबर ठेवला आहे.

त्याच वादळात ‘बसरा स्टार’ नावाचं तेलवाहू जहाज रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर, बंधाऱ्याला येऊन लागलं. खलाशी वाचले, जहाज मात्र वर्षानुवर्षं तिथेच गंजत राहिलं. लोक सहकुटुंब बघायला यायचे, सेल्फी काढायचे, शेजारी भेळेची गाडी. मीही काढला. कुठली बसरा आणि कुठलं मिऱ्या!

आता तो पोलिसांचा प्रसंग. तो लिहू नये असं अम्मीचं मत होतं. एका जेटीवर – जागेचं नाव लिहीत नाही – मी तिवई लावून पलीकडच्या काठाचा फोटो घेत होतो. दाढी आहे, टोपी मगरिबसाठी खिशातून काढून घातलेली. कुणीतरी फोन केला असावा. दोन जण आले, नाव विचारलं, आणि नाव ऐकल्यावर “जरा चौकीवर चला,” म्हणाले. 1993 साली स्फोटकं उतरली ती आमच्याच समोरच्या किनाऱ्यावर, शेखाडीला. 2008 मध्ये मुंबईवर हल्ला करणारे समुद्रातून आले. किनाऱ्यावर पोलिसांनी डोळे उघडे ठेवावेत हे मला मान्य आहे, मीही याच किनाऱ्यावर मुलंबाळं घेऊन राहतो. त्यांनी कॅमेऱ्यातले फोटो एकेक करून पाहिले. दादीच्या चपला. दाराची कडी. घोडा नावाचा दगड, सात वेळा. मशिदीच्या पायरीवरचं जाळं. साहेबांच्या चेहऱ्यावर संशयाच्या जागी कंटाळा आला. “मास्तर, हे फोटो कशाला काढता?” मी ओळखपत्र दाखवलं, शाळेचं नाव सांगितलं. दोन तास बसवलं, चहा दिला, वहीत नाव-पत्ता-मोबाईल लिहून घेतला आणि सोडलं. कुणी हात लावला नाही, आवाज चढवला नाही. तरी घरी जाताना माझे पाय थरथरत होते.

वरती ज्यांचा उल्लेख केला ते गुरुजी त्याच जेटीवरून माझ्याहून जास्त फोटो काढतात. त्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “मला तर आजवर कुणी हटकलं नाही.” आणि मग गप्प झाले. त्यानंतर ते मला एकट्याला जेटीवर जाऊ देत नाहीत, स्वतः सोबत येतात. त्यांच्या मैत्रीची मला कदर आहे. पण माझ्या गावच्या पाण्याचा फोटो काढायला मला जामीन लागतो, हे काही मला गोड लागत नाही. कॅमेऱ्याच्या पिशवीत आता शाळेच्या लेटरहेडवरचं पत्र असतं, प्लॅस्टिकच्या पाकिटात, खार लागू नये म्हणून.

माझे खरे गिऱ्हाईक मात्र समुद्रापलीकडे आहेत. कुवेत, दोहा, मस्कत. आमच्या मोहल्ल्यात निम्म्या घरांना कुलूप. माणसं तिकडे, किल्ली शेजाऱ्याकडे. व्हॉट्सॲपवर फर्माइश येते: भाईजान, आमच्या दाराचा फोटो पाठवा. विहिरीला पाणी किती आहे? कब्रस्तानाची भिंत पडली म्हणतात, ती काढा. बंदराचा काढा, पण ओहोटीचा. एका चुलत भावाने तर आमच्या खाडीत अर्ध्यावर थांबलेल्या पुलाच्या खांबांचा फोटो मागितला आणि वर लिहिलं, “झाला का पूल?” दार काढताना मी कुलूपही फ्रेममध्ये येऊ देतो. एकाने सांगितलं, कुलूप नको दाखवूस, अब्बांना त्रास होतो. त्यांना मी दार वरच्या अर्ध्या भागातून पाठवतो, नुसती महिरप.

शाळेत आठवीच्या वर्गात एका भिंतीवर हे फोटो लावले आहेत, खाली उर्दूत आणि मराठीत नावं. मुलांना जंजिऱ्याचं फार अप्रूप नाही, ते मोबाईलवर पाहिलेलं असतं. पण दगडांच्या फोटोंपुढे गर्दी होते. परवा एक मुलगी म्हणाली, “सर, बुढ्ढीचा फोटो उलटा लागलाय.” मी पाहिलं, सरळच होता. ती म्हणाली, “नाही सर, आम्ही कालवं काढायला जातो तिकडून ती अशी दिसत नाही. तिकडून नाक दिसतं.” म्हणजे त्या दोन म्हाताऱ्यांचं भांडणही कदाचित एवढंच असेल, एकाने अलीकडून पाहिलेली आणि दुसऱ्याने पलीकडून. पलीकडे जायचं तर पूर्ण ओहोटी हवी, तीही उधाणाची. रविवारी चांदाची पंधरावी आहे. तिच्या अम्मीने सांगितलंय, पाच वाजता निघा, साडेसहाच्या आत परत फिरा, आणि मास्तरांना म्हणावं, चप्पल घालून येऊ नका, कालवांनी पाय कापतो, जुने बूट घाला.